कॅल्क्युलसच्या वर्गातली गळती

अमेरिकेत विज्ञानशिक्षणाच्या नावाने गळा काढण्याचा कार्यक्रम पिढीगणिक एकदा होतोच. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक डोक्यावरून फिरू लागला आणि वर्षभराच्या आत शिक्षणावर पैसा ओतणारा कायदा झाला. १९८३ च्या ‘अ नेशन ॲट रिस्क’ अहवालामागे जपानची धास्ती होती. २००५ मध्ये चीन आणि भारत दिसू लागले. दर वेळी पहिलं बोट शाळेकडे गेलं. शाळांचं दुखणं खोटं नाही. त्यांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो, म्हणजे वस्ती जशी श्रीमंत तशी प्रयोगशाळा. तरीही २०२२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत गणितात सरासरीच्या खाली (४७२ ला ४६५) राहिलेली अमेरिकन मुलं विज्ञानात सरासरीच्या वर (४८५ ला ४९९) होती.

माझ्या मते खरी गळती त्यापुढे आहे, कॉलेजच्या पहिल्या वर्षात. राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने २०१२ मध्ये सांगितलं, की विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा गणितात पदवी घ्यायची म्हणून आलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून कमी मुलं ती घेऊन बाहेर पडतात. बाकीच्यांना मठ्ठ म्हणून मोकळं होता येत नाही. एलेन सेमूर आणि नॅन्सी ह्युइट यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं, की सोडून गेलेले आणि टिकलेले यांच्या कुवतीत फारसा फरक नव्हता आणि वाईट शिकवण्याबद्दल दोघांचीही तक्रार होती.

या बाबतीत बर्कली विद्यापीठाची हकीकत मुळातून सांगण्यासारखी आहे. १९७० च्या दशकात युरी ट्राइसमन तिथे गणितात संशोधन करत होते. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येने नापास होत, चिनी वंशाची मुलं मात्र पुढे जात. प्राध्यापकांपाशी कारणं तयारच होती: जिद्द नाही, पाया कच्चा, घरून पाठिंबा नाही, गरिबी. ट्राइसमन यांनी दोन्हीकडची २०-२० मुलं घेतली आणि दीड वर्ष ती कशी अभ्यास करतात ते जवळून पाहिलं. चारही कारणं फोल निघाली. कृष्णवर्णीय मुलं सांगितल्याबरहुकूम आठवड्याला आठ तास अभ्यासाला बसत, पण एकेकटी. चिनी मुलंही आधी तेवढंच एकट्याने करत, मग संध्याकाळी जमून, जेवता जेवता एकमेकांची गणितं तपासत, जुन्या परीक्षांतले प्रश्न एकमेकांना घालत. एखादं गणित कोणालाच सुटलं नाही, तर दोष आपल्या डोक्याचा नाही, गणितच अवघड आहे, हे त्यांना कळे. खोलीत एकट्या बसलेल्याला ते कुठून कळणार? ट्राइसमन यांनी कृष्णवर्णीय मुलांसाठी ‘कच्च्यांचे’ वर्ग काढले नाहीत. उलट जास्त अवघड गणितं दिली आणि ती गटात सोडवायला लावली. नापासांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं.

हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांना वेगळाच धक्का बसला. फिजिक्सच्या साध्या संकल्पना तपासणारी चाचणी त्यांनी वर्गाला दिली, तेव्हा एका मुलीने विचारलं, तुम्ही शिकवलंत तसं उत्तर लिहू की मला खरं वाटतं तसं? त्यातून निघालेली, भाषण थांबवून मुलांना आपसात वाद घालायला लावण्याची त्यांची पद्धत पुढे जगभर गेली.

अशा शिकवण्याच्या बाजूने आता पुरावा कमी नाही. २०१४ मध्ये २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात सुमारे ३४ टक्के मुलं नापास होत होती, मुलांना हातपाय हलवायला लावणाऱ्या वर्गात २२ टक्के. तरीही २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडातले दोन हजारांवर तास तपासले, तेव्हा ५५ टक्के तासांत वेळेचा चार पंचमांशाहून अधिक भाग व्याख्यानातच गेलेला दिसला. यात नवल नाही. मोठ्या विद्यापीठात बढती मिळते ती संशोधनावर आणि अनुदान आणण्यावर. पहिल्या वर्षाला उत्तम शिकवणाऱ्याला फार तर एक मानपत्र मिळतं.

त्या वर्गांच्या छोट्या तुकड्यांपुढे अनेकदा उभा असतो टीए, म्हणजे शिकता शिकता शिकवणारा विद्यार्थी. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, सगळ्या देशांत सर्वाधिक, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त पदव्युत्तर शिक्षण घेणारे. तेव्हा ओहायोच्या किंवा टेक्सासच्या पोराला डेरिव्हेटिव्ह समजावणारा टीए पुण्याचा किंवा नागपूरचा असू शकतो. त्याला तरी वर्गात कसं शिकवायचं हे कोणी शिकवलेलं असतं? बहुतेक ठिकाणी सत्राआधीचं छोटंसं प्रशिक्षण, एवढंच.