घाईची कोथिंबीर, सुशेगाद पार्सली

धन्याचा एक दाणा चिमटीत धरून नीट बघा. आपण त्याला बी म्हणतो, पण ते आहे अख्खं फळ. आत दोन बिया एकमेकींकडे तोंड करून, ओंजळ मिटावी तशा बसलेल्या असतात. पोळपाटावर मूठभर धने पसरून लाटणं हलक्या हातानं फिरवलं की बारीक टक्-टक् आवाज येतो आणि दाणे दुभंगतात. पेरण्याआधी धने रगडायचे ते एवढ्यासाठी. एका दाण्यातून दोन रोपं मिळतात आणि टणक साल फुटल्यानं पाणी आत लवकर शिरतं. जोर मात्र बेतानं लावा, धन्याची पूड पेरून काही उगवत नाही.

डब्यातले धने चालतात?

चालतात, पण भाजलेले नकोत आणि दोन-तीन वर्षं डब्याच्या तळाशी पडून राहिलेलेही नकोत. मुखवासातली धनाडाळ कुंडीत टाकून कोथिंबिरीची वाट बघू नका. ती साल काढून भाजलेली असते, तिच्यात जीव उरलेला नसतो.

रगडलेले धने रात्रभर भिजवा, सकाळी निथळून मातीत साधारण एक सेंटिमीटर खोल पेरा. आठ-दहा दिवसांत कोंब वर येतात, आणि ते अजिबात कोथिंबिरीसारखे दिसत नाहीत. गवताच्या पात्यासारखी दोन लांबट पानं निघतात, कधी कधी टोकावर सालीची टोपी तशीच अडकलेली असते. नवखा माणूस तण समजून हेच उपटतो. कातरलेल्या कडांचं ओळखीचं पान त्यानंतर येतं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ते पहिलं पान दिसलं की मी आजही चहा बाजूला ठेवून बघायला जाते. बोटानं हलकंच चोळलं तर एवढ्याशा पानालाही पूर्ण वास असतो!

कुंडी पसरट चालेल, पण वीतभर खोल हवी, कारण कोथिंबिरीला सोटमूळ असतं. त्यामुळेच तिला एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावलेलं सोसत नाही. जिथे पेराल तिथेच वाढू द्या. फळवाल्याकडचा थर्माकोलचा खोका, तळाला भोकं, माती आणि शेणखत, एवढ्यात काम होतं. चार-पाच तास ऊन पुरतं. पाणी रोज थोडं, पण चिखल नको. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात खोका उघड्यावर ठेवला तर धारेखाली कोवळी रोपं आडवी होतात, म्हणून तो वळचणीला घ्या.

पानं शेपूसारखी झाली?

मग तुमची कोथिंबीर फुलायला निघाली आहे. ऊन तापलं आणि दिवस मोठा झाला की ती पानांचा नाद सोडते, मधून दांडा उंच काढते, आणि रुंद पानांच्या जागी बारीक झिरमिळ्या येतात. तिला बी धरायची घाई असते. पेरल्यापासून पाच-सहा आठवड्यांत कापणीला येणारी ही भाजी एप्रिल-मेमध्ये तर कापायलाही फार सवड देत नाही. उपाय एकच, दर पंधरा दिवसांनी थोडी-थोडी पेरत राहा. आणि कापताना उपटू नका. तीन-चार बोटं देठ ठेवून वरून कात्री चालवा, एकदा-दोनदा पुन्हा फुटते.

फुलली तरी हळहळू नका. पांढरे-गुलाबी छत्रीसारखे तुरे येतात आणि त्यांच्यावर मधमाश्यांची गर्दी होते. हरभऱ्याच्या शेतात मधूनमधून धने पेरतात तेही या फुलांसाठी. घाटेअळीवर जगणारे मित्रकीटक मधासाठी तिथे येतात. त्यानंतर येतात हिरवे धने. ते आमटीत ठेचून घालून बघा. लिंबाची झाक असलेली ही चव बाजारात विकत मिळत नाही.

तीन आठवडे काहीच नाही

आता तिची चुलतबहीण पार्सली. मिसळणाचा डबा उघडा, याच घराण्यातली मंडळी तिथे बसलेली दिसतील. जिरं, ओवा, बडीशेप, हिंग सगळे एकाच कुळातले. भाजीच्या टोपलीतलं गाजर आणि शेपूसुद्धा त्यातलेच. पण स्वभावानं पार्सली कोथिंबिरीच्या अगदी उलट. पेरल्यावर तीन-चार आठवडे मातीवर काहीच दिसत नाही. इंग्लंडात जुने लोक म्हणायचे, पार्सलीचं बी उगवण्याआधी सैतानाकडे फेऱ्या मारून येतं, म्हणून ते गुड फ्रायडेला पेरावं. खरं कारण बियाच्या सालीत आहे. उगवण रोखणारी द्रव्यं तिच्यात असतात. बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवून पाणी फेकून दिलं की ती बरीचशी धुऊन जातात. त्यानंतरही कुंडी ओलसर ठेवून गप्प बसायचं. दहाव्या दिवशी माती उकरून बघणाऱ्यांची पार्सली कधीच उगवत नाही.

उगवली की मात्र ती बस्तान बसवते. पार्सली दोन वर्षांचं झाड आहे. पहिलं वर्षभर पानं देते, फुलं दुसऱ्या वर्षी. घरातल्या कुंडीसाठी मला तीच जास्त सोयीची वाटते. सकाळचं ऊन येणारी खिडकी तिला पुरते. कापायची रीतही निराळी. नवी पानं मधून फुटतात, म्हणून बाहेरच्या कडेचे देठ बुडापासून कापायचे आणि मधला भाग राखायचा. महाराष्ट्रात ती थंडीत खुशीत असते. मार्चनंतर तिला दुपारच्या उन्हातून सावलीत हलवा.

कुरळ्या पानांची पार्सली दिसायला देखणी, पण खायची तर सपाट पानांची लावा. लेबनॉनचं तबुले हे नावाला दलियाचं सॅलड. खऱ्या तबुलेत ढीगभर पार्सली असते आणि दलिया चमचा-दोन चमचे. आपली कोथिंबीर वडी आठवा, पीठ पानांना धरून ठेवण्यापुरतं.

पार्सलीत के जीवनसत्त्व इतकं ठासून भरलेलं असतं की १० ग्रॅम पानांत मोठ्या माणसाची दिवसभराची गरज भागते. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पार्सली वाटीभर खाऊ नये.

ढेकूण, साबण आणि ७ टक्के

कोथिंबीर काहींना साबणासारखी लागते, हे ऐकून आपल्याकडे लोक हसतात. पण ते नखरे नाहीत. पानांच्या वासात अल्डिहाइड गटातली द्रव्यं असतात, आणि साबणात व काही ढेकणांच्या वासातही त्यांचेच भाऊबंद. ग्रीक भाषेतल्या ‘कोरिस’ म्हणजे ढेकूण या शब्दाशी तिच्या परदेशी नावाचं नातं जोडतात ते उगाच नाही. २०१२ साली संशोधकांनी ही नावड वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी जोडून दाखवली. त्याच वर्षी कॅनडातल्या एका पाहणीत पूर्व आशियाई वंशाच्या २१ टक्के तरुणांना कोथिंबीर आवडत नसल्याचं दिसलं, तर दक्षिण आशियाई वंशाच्या, म्हणजे आपल्या लोकांत, फक्त ७ टक्क्यांना. तुमच्या ओळखीत अशी कुणी ‘सात टक्क्यांतली’ असेल तर तिला बारीक वाटलेली चटणी द्या. पानं ठेचली की त्यातली पाचकद्रव्यं हा वास मवाळ करतात.

इटलीतला कागदी पाऊस

इटलीत जत्रेला उधळायच्या रंगीत कागदाच्या तुकड्यांना ‘कोरियांदोली’ म्हणतात, म्हणजे चक्क धने! पूर्वी कार्निव्हलमध्ये साखरेत घोळवलेले धने उधळत. पुढे धने गेले, कागद आला, नाव तेच राहिलं.

इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यातही धने सापडले. इ.स.पू. चौदाव्या शतकातला हा राजा, म्हणजे ते धने तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे.

आणि पार्सलीच्या नावाचं तर एक बेटच आहे. मोरोक्कोच्या किनाऱ्याला लागून असलेला हा निर्मनुष्य खडक, स्पॅनिशमध्ये त्याचं नाव पेरेहिल, म्हणजे पार्सली. जुलै २००२ मध्ये तिथे मोरोक्कोचे मोजके सैनिक उतरले. स्पेननं कमांडो पाठवून आठवड्याभरात बेट परत घेतलं. सुदैवानं एकही जीव गेला नाही.

मुहूर्त

धनत्रयोदशीला आपण धने-गुळाचा नैवेद्य दाखवतो. पाऊस सरलेला, ऊन उतरलेलं, हवेत गारवा; दोघींच्या पेरणीला याहून बरा काळ नाही. या दिवाळीत नैवेद्यातले मूठभर धने बाजूला काढा आणि पार्सलीच्या बियांचं एक छोटं पाकीट आणून ठेवा. दोन्ही एकाच दिवशी पेरा, कुंड्यांवर तारीख लिहा. पार्सलीचा पहिला कोंब दिसेल तोवर कोथिंबीर बोटभर उंच झालेली असेल.