जांग मी-रान : अथेन्स ते लंडन

अथेन्स, २००४. महिलांच्या ७५ किलोवरील गटात दक्षिण कोरियाची वीस वर्षांची जांग मी-रान स्नॅच आणि क्लीन अँड जर्क या दोन प्रकारांत मिळून एकूण ३०२.५ किलो उचलून मोकळी झाली होती. चीनच्या तांग गाँगहाँगची एकच उचल बाकी होती. तांगने १८२.५ किलो डोक्यावर पेलले आणि अडीच किलोंनी सुवर्ण तिच्याकडे गेलं. ऑलिंपिकमध्ये महिलांचं वेटलिफ्टिंग तेव्हा नवं होतं. त्याची सुरुवात २००० च्या सिडनीत झाली, जिथे आपल्या कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात कांस्य जिंकलं.

वोंजूच्या जांगने पुढे २००५, २००६ आणि २००७ अशी सलग तीन जागतिक विजेतेपदं मिळवली. यातल्या शेवटच्या स्पर्धेत, चियांग माईत, चीनच्या मू श्वांगश्वांगशी ३१९ किलोंवर बरोबरी झाली, तेव्हा शरीराचं वजन कमी म्हणून जांगला विजयी ठरवलं गेलं. त्यानंतरच्या बीजिंग ऑलिंपिकला मू नव्हती. एका देशाच्या चारच महिलांना प्रवेश होता आणि चीनने हा गट सोडून दिला. म्हणून ते सुवर्ण सोपं म्हणणारे आजही भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. पहिल्याच क्लीन अँड जर्कनंतर सुवर्ण पक्कं झालं होतं, तरी ती वजन वाढवत गेली : १८३, मग १८६. स्नॅच १४०, एकूण ३२६. सगळे विश्वविक्रम, सहाच्या सहा उचली यशस्वी. प्रतिस्पर्धी समोर नसताना कोणी स्वतःला एवढं ताणत नाही.

२००९ मध्ये मायदेशी, गोयांगला, तिने १८७ किलोंचा विक्रम करून चौथं जागतिक विजेतेपद घेतलं. २०१० च्या जानेवारीत मोटार अपघात झाला. त्याच वर्षी ग्वांगझूत आशियाई सुवर्ण मिळालं खरं, पण शरीर पूर्वीचं राहिलं नव्हतं.

लंडन ऑलिंपिकमधली तिची स्पर्धा मला बीजिंगपेक्षाही मोठी वाटते. स्नॅचमध्ये १२५, क्लीन अँड जर्कमध्ये १६४. आर्मेनियाची ह्रिप्सिमे खुर्शुद्यान २९४ वर होती. शेवटच्या प्रयत्नात १७० उचलले असते तर जांगचे २९५ झाले असते. बार हातातून सुटला. ती गुडघ्यांवर बसली, प्रार्थना केली, हाताचं चुंबन घेऊन तो हात बारला लावला आणि प्रेक्षकांना अभिवादन करून निघाली. चौथा क्रमांक. २०१३ च्या जानेवारीत तिने निवृत्ती जाहीर केली.

२०१६ मध्ये जुन्या नमुन्यांची फेरतपासणी झाली आणि खुर्शुद्यान उत्तेजक द्रव्यांसाठी बाद ठरली. लंडनचं कांस्य जांगचं झालं. बीजिंगच्या निकालातही तिच्या खालची दोन्ही नावं याच कारणाने पुसली गेली. सामोआच्या एले ओपेलोगेला रौप्य मिळालं. पदकं परत आली, पण त्या संध्याकाळी पोडियमवर उभं राहण्याचा हक्क या बायकांना कोणी परत देऊ शकलं नाही, आणि त्याचा राग मला अजून येतो. जांग २०२३ मध्ये कोरियाची क्रीडा खातं सांभाळणारी उपमंत्री झाली.