पाण्यात तोललेली बांगडी

भुलेश्वरच्या भोईवाड्यातून झवेरी बाजार चालत गाठता येतो. सोन्याचा कस लावायचा तो कसोटीच्या दगडावर, हे सगळ्यांना ठाऊक. पण दगड फक्त वरचा थर सांगतो. आतलं सांगतं पाणी.

डिजिटल काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. ३५.६ ग्रॅमची बांगडी दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला मात्र टेकू देऊ नका. काट्याने २ ग्रॅम दाखवले, तर तिने २ मिलिलिटर पाणी सारलं. ३५.६ भागिले २, घनता १७.८; बावीस कॅरेटला साजेशी. पितळेची असती तर आकडा ४ ग्रॅमच्या वर गेला असता. चिकटलेले बुडबुडे झटका, नाहीतर चोख सोनंही हलकं ठरेल! लाख भरलेल्या किंवा खड्यांच्या दागिन्याला ही युक्ती चालत नाही. आणि टंगस्टनची घनता १९.२५, शुद्ध सोन्याची १९.३. तिथे आर्किमिडीजही फसेल.