कर्ज काढून फिरायला?

परदेशी शिकायला गेलेल्या मुलाचा नदीकाठचा फोटो सोलापुरातल्या घरी येतो. आई म्हणते, बारीक झालाय. वडील काही बोलत नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे हप्ता असतो. मग एखाद्या काकांना राहवत नाही, "कर्ज काढून फिरायला पाठवलंय काय?"

माझी हयात बँकेत गेली. हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू झाला तरी व्याज पैसे उचलल्यापासूनच चढते, हे मी कितीतरी पालकांना समजावून सांगितले आहे. वडिलांची चिंता मला कळते. काकांची बाजू मात्र मी घेणार नाही.

लंडनमधलेच पाहा. सत्र चालू असताना तिथे पदवीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. शनिवार बहुधा त्यात आणि कपडे धुण्यात जातो. उरला रविवार. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम यांना एरवी तिकीट नाही. बसचे भाडे एकदा भरले की तासाभरात कितीही बस बदला. डब्यात ब्रेड आणि घरून नेलेली शेंगाचटणी. आपण सिद्धेश्वर तलावाकाठी जाऊन बसतो, त्यापेक्षा ही चैन फार मोठी नव्हे.

मला विचाराल तर एक रविवार चॉक फार्म स्टेशनवर उतरून किंग हेन्रीज रोडला द्यावा. तिथल्या १० क्रमांकाच्या घरात १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ मध्ये विकत घेतले आणि तिथे स्मारक केले.

बाबासाहेबांची ती लंडनची दुसरी खेप. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले होते. मग सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, पगारातून साठवलेली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून उसने घेतलेले ५००० रुपये, अशी जुळवाजुळव करून ते १९२० मध्ये पुन्हा गेले. इकडे मुंबईत रमाबाई ओढाताणीत संसार चालवीत होत्या. तिकडे बाबासाहेब अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसचे दिवस काढीत. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. (आम्हा बँकवाल्यांनी तो प्रबंध निदान चाळायला तरी हवा.)

"बघा, ते फिरत बसले का?" काका इथे म्हणणारच. पण एवढ्या बुद्धीच्या माणसाला दोन घास आणि घटकाभर उसंत परवडू नये, याचा अभिमान वाटतो तितकीच खंतही वाटायला हवी. त्यांच्या वाट्याला आलेली तंगी हा काही पुढच्या मुलांसाठी घालून दिलेला नियम नव्हे. आज शाहू महाराजांच्याच नावाची शासकीय शिष्यवृत्ती घेऊन अनुसूचित जातींतली मुले परदेशी शिकायला जातात. त्यांनी त्या घराच्या पायऱ्यांवर फोटो काढला, तर तो खर्चाच्या बाजूला कसा मांडायचा?

तिथून प्रिमरोज हिलची टेकडी चालत जाण्याइतकी जवळ आहे. टेकडीवर बसले की खाली लंडन पसरलेले दिसते. तिथे दुपारचे बारा वाजतात तेव्हा सोलापुरात उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. घरात चहा उकळत असतो, आणि पुष्कळ घरांत फोन वाजतो तो त्याच सुमारास.