रस्त्याचे काम मंजूर कसे होते?

पुणे - गल्लीतील रस्ता उखडला, की नागरिक क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देतात. मात्र अंदाजपत्रकात तरतूद नसल्यास ते काम सहसा पुढील वर्षावर जाते. त्यामुळे मागणी केव्हा केली, याला महत्त्व आहे.

महापालिका आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात. मुख्य सभेच्या मंजुरीनंतर ते १ एप्रिलपासून अमलात येते. नागरिकांनाही त्यासाठी कामे सुचविता यावीत, म्हणून पुणे महापालिकेने २००६ मध्ये सहभागी अंदाजपत्रकाची पद्धत सुरू केली.

तरतुदीनंतर अभियंते पूर्वगणनपत्रक तयार करतात. त्याला तांत्रिक मान्यता मिळाल्यावर निविदा मागविल्या जातात. मोठ्या रकमेच्या ठेक्याला १६ सदस्यांच्या स्थायी समितीची मंजुरी लागते. त्यानंतरच कार्यादेश निघतो. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर हे अधिकार प्रशासकाकडे गेले होते.

रुंदीकरणासाठी नवी रस्तारेषा आखायची असल्यास महापालिका अधिनियमाच्या कलम २१० नुसार सभेपूर्वी किमान महिनाभर जाहीर सूचना देऊन हरकती विचारात घ्याव्या लागतात. रेषेच्या आतील जागेवर नव्या बांधकामास निर्बंध येतात. त्यामुळे रस्त्याकडेच्या घरमालकांनी व दुकानदारांनी ही सूचना नजरेआड करू नये. हरकत नोंदविण्याची वेळ तीच असते.