वस्तुस्थिती, मत आणि श्रद्धा

आमचे शाळाशिक्षण सातवीपर्यंतच झाले. पुढचे कारखान्याच्या दारावरील सभांनी केले. एका संपात ‘मालकाने यंत्रे विकली’ अशी वार्ता उठली. माणसे हवालदिल झाली. आम्ही रात्रीच्या पहारेकऱ्यास विचारले, तेव्हा यंत्रे जागच्या जागी होती. विचारण्याचे कष्ट तोवर कोणी घेतले नव्हते.

आज अशी वार्ता मोबाइलवरून मुलांच्या हाती क्षणात येते. तिची पारख त्यांस कशी शिकवावी? दिवस आंब्याचे आहेत, म्हणून आंब्याचेच उदाहरण घेऊ. ‘काल बाजारात हापूस आठशे रुपये डझन होता’ हे वस्तुस्थितीविषयीचे विधान. ‘हापूससारखा आंबा नाही’ हे मत. पायरीचा चाहता त्यावर वाद घालील, आणि घालावा. ‘अक्षय्य तृतीयेपूर्वी आंबा खाऊ नये’ ही श्रद्धा. ती आदराने ऐकावी, पण तिला बातमी समजू नये.

येथे एक मेख आहे. वस्तुस्थितीविषयीचे विधान खरेच असते असे नाही; ते तपासता येते, इतकेच. आठशेचा भाव खोटाही असू शकेल. तो बाजारात जाऊन विचारावा लागतो.

न विचारल्याने काय होते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार होता. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून त्या भागात पसरली होती. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. ‘टोळी आली’ हे तपासता येण्याजोगे विधान होते. ‘ही माणसे संशयास्पद दिसतात’ हे निव्वळ मत. जमावाने मतालाच पुरावा मानले.

केरळातील कण्णूर जिल्ह्यात लशीविषयीच्या अफवांनी आईबाप बिचकले होते. तेथे २०१८ साली सुमारे दीडशे सरकारी शाळांतून मुलांस खोट्या बातम्या ओळखण्याचे धडे देण्यात आले. आपल्याकडे त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. मुलाला तीन प्रश्न द्यावेत: हे कोणी सांगितले? त्याला कसे कळले? दुसरीकडे कोठे पडताळता येईल? उत्तर मिळेपर्यंत मजकूर पुढे पाठवू नये.

मात्र एक तयारी ठेवावी. मूल उद्या हेच प्रश्न आजोबांना विचारील, गुरुजींना विचारील, आणि आमच्यासारख्या पुढाऱ्याच्या भाषणालाही विचारील. तेव्हा रागावू नये, उत्तर द्यावे.