बंद ओठांचे नाटक

मूकनाट्यात नट बोलत नाही, पण रंगभूमी गप्प नसते. रोममध्ये इसवी सनपूर्व 22 च्या सुमारास पिलाडीस आणि बाथिलस या दोघांनी हा प्रकार नावारूपाला आणला. तेव्हाही कथा गाण्याचे काम गायकवृंदाकडे होते. एकटा नर्तक मुखवटे बदलत पुराणकथेतली पात्रे उभी करी. बोलक्या नाटकाच्या मुखवट्याला उघडे तोंड असे, याच्या मुखवट्याचे ओठ मिटलेले.

मराठी लोकरंगभूमीचा कल बहुतेक ठिकाणी वाणीकडे आहे. भाटघर धरणाच्या काठच्या, भोर-वेल्ह्याच्या मावळातही जत्रेतला तमाशा परिचयाचा. त्यात गण-गवळण उरकली की बतावणी आणि वग. सगळी मदार हजरजबाबीपणावर. दारोदार फिरणारा बहुरूपी पोलिसाचा वेश चढवतो खरा, पण हशा पिकतो तो त्याच्या दरडावण्यामुळे. अंगाने बोलणारे नाटक पाहायचे तर उत्तरेला, पालघर-नाशिकच्या डोंगराळ भागात जावे लागते.

जव्हार, मोखाडा, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात होळीनंतर, शेतीची कामे नसताना बोहाडा भरतो. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर यांच्या वस्तीतला हा उत्सव. मोखाड्यातला जगदंबेचा बोहाडा विशेष प्रसिद्ध. बोहाड्याला भोवाडाही म्हणतात. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, भडक रंगवलेले. रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळ आणि पिपाणीच्या साथीवर एकेक सोंग नाचत पुढे येते. आधी गणपती, मग मोरावर बसलेली सरस्वती. पुढे पुराणातले देव-दैत्य, खंडेराव, भीम, त्राटिका, नरसिंह. शेवटी देवी आणि महिषासुराची झुंज. कोणते सोंग कोणत्या घराण्याने नाचवायचे हेही अनेक गावांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते.

इथे संवाद जवळजवळ नसतातच. तोंड, डोळे, भुवया सगळे झाकलेले. उरतात मान, खांदे, हात आणि पाय. दहातोंडी रावणाचा अवजड मुखवटा तोलायचा तर नाचणाऱ्याला धड ताठ ठेवून पाय रोवतच चालावे लागते, आणि त्या चालीतच रावणाचा ताठा आपोआप येतो. सोंगागणिक वाजंत्र्यांची चाल बदलते. पात्राची ओळख कानाला तिथून पटते, कथा तर प्रेक्षकांना पाठच असते. नाट्यशास्त्राने सांगितलेल्या चार अभिनयांपैकी वाचिक इथे वाद्यांकडे गेले, आंगिक आणि आहार्य नाचणाऱ्याकडे राहिले. रोमच्या मुखवटाधारी नर्तकाशी याचे साम्य चकित करणारे आहे, पण देवाणघेवाणीचा तर्क लढवण्याचे कारण नाही. चेहरा झाकला की कोणताही नट याच वाटेने जातो.

नागर रंगभूमीवरही आरंभी हीच विभागणी थोडीफार होती. विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग 1843 मध्ये सांगलीत झाला. त्या पद्धतीच्या नाटकांत पदे सूत्रधार म्हणे, पात्रे त्यांवर हावभाव करीत आणि पदांच्या अधेमधे स्वतःच्या बुद्धीने भाषणे जुळवीत. राक्षस आरोळ्या ठोकत येई. पुढे लिखित संहिता आली तसा शब्द वरचढ झाला.

योगायोग असा की 1843 हेच साल इंग्लंडच्या मूकनाट्यालाही महत्त्वाचे. तोवर लंडनमध्ये बोलके नाटक करण्याचा परवाना मोजक्या नाट्यगृहांनाच असे. इतरांना संगीत, नाच आणि कसरतींवर भागवावे लागे. जोसेफ ग्रिमाल्डीचा विदूषक या वातावरणात मोठा झाला. त्या वर्षीच्या कायद्याने मक्तेदारी मोडली आणि ‘पँटोमाइम’मध्ये संवाद शिरले. आज तिथे या नावाखाली नाताळात जे चालते त्यात पुरुष म्हातारीची भूमिका करतो आणि प्रेक्षकांनी ओरडून उत्तरे द्यायची असतात. शुद्ध मौन जपले ते फ्रान्सने: पांढऱ्या चेहऱ्याच्या पिएरोची भूमिका गाजवणारा देब्युरो, आणि 1947 मध्ये ‘बिप’ हे पात्र जन्माला घालणारा मार्सेल मार्सो.

महाराष्ट्रात मौन सक्तीचे झाले ते पडद्यावर. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले. ‘कालियामर्दन’च्या (1919) सुरुवातीला तर फाळक्यांनी कृष्ण झालेल्या आपल्या लहानग्या मंदाकिनीचे निरनिराळे मुखभाव कॅमेऱ्यासमोर क्रमाने मांडले. मुखवट्याने जे झाकले होते, नेमके तेच कॅमेऱ्याने जवळ आणले.

विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत आज ‘माइम’ ही स्वतंत्र स्पर्धा असते. पाचेक मिनिटांचा अवधी, मोजके कलाकार, पार्श्वसंगीताची साथ. विषय बहुधा सामाजिक, आणि चेहरे बहुधा पांढरेफटक. हा पांढरा रंग पिएरो-मार्सोच्या घराण्याचा. जव्हारच्या रंगीत मुखवट्यांची सावली या सादरीकरणांवर क्वचितच पडते, ही मराठी मूकाभिनयाची ठळक उणीव म्हणावी लागेल.